फक्त हात

रुद्रप्पा हुंडेकरींनी करारपत्राच्या दोन प्रती काढल्या, दोन्हींना डाव्या बाजूस समान अंतरावर भोके पाडली आणि त्यांतील एक प्रत नातीपुढे सरकवली.

"वाच. मग सही कर."

महेश्वरीने पाने उलटून पाहिली. "अज्जा, सात कलमं? मला शेंगाचटणीचा व्हिडिओ टाकायचाय की. विमान उडवायचं नाहीये."

"विमान उडवणाऱ्यालासुद्धा तपासणी यादी असते. तुझी मागं जोडलीय. मुद्दे सत्तावीस."

रुद्रप्पांनी तंत्रनिकेतनातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतली होती आणि एका सूतगिरणीत तेहतीस वर्षे देखभाल विभाग सांभाळला होता. त्या तेहतीस वर्षांत त्यांच्या विभागात एकाही कामगाराचे बोट यंत्रात गेले नव्हते, आणि ही गोष्ट ते नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगत. महेश्वरीचे आईवडील माढ्याला नोकरीस होते व शनिवारी घरी येत. पंधरा वर्षांच्या मुलीने इंटरनेटवर चॅनेल काढावे की नाही, हा प्रश्न त्यांनी एका वाक्यात निकालात काढला होता : "अज्जा हो म्हणाले तर हो." अज्जांनी त्यावर आठ दिवस अभ्यास केला. वर्तमानपत्रांतील कात्रणे जमवली. एका मुलीचा पत्ता तिच्या गणवेशाच्या खिशावरून शोधल्याचे वाचून त्यांना दोन दिवस जेवण गोड लागले नाही. तेव्हा ते 'नाही' म्हणाले असते. परंतु मधे त्यांची पत्नी काशम्मा आल्या.

काशम्मांची शेंगाचटणी साऱ्या नात्यागोत्यात प्रसिद्ध होती. ती कोठेही लिहून ठेवलेली नव्हती. आता कुटताना त्यांचे हात कापत. 'मी सांगते, पोरगी कुटंल, मोबाइलात राहील', इतकाच त्यांचा हिशेब होता.

"कलम सात मोठ्यानं वाच," रुद्रप्पा म्हणाले.

महेश्वरीने वाचले : "ज्या व्यक्तीच्या निष्काळजीपणामुळे घराची अथवा घरातील कोणाचीही ओळख बाहेर जाईल, त्या व्यक्तीस चॅनेलच्या कोणत्याही कामात यापुढे कायमचा सहभाग घेता येणार नाही." ती थांबली. "म्हणजे मी चुकले तर चॅनेल संपलं?"

"संपलं."

"मग 'महेश्वरी' लिहा की सरळ. 'व्यक्ती' कशाला?"

"नियमात नाव घालायचं नसतं. यंत्राला आत हात कुणाचा आलाय ते कळत नाही."

महेश्वरीने सही केली. कपाटात प्रत ठेवताना रुद्रप्पांना तीस वर्षांपूर्वीसारखे वाटले. फक्त समोर उभ्या असलेल्या कामगाराने वेण्या घातल्या होत्या.

चित्रीकरणाचा दिवस उजाडला. चेहरा दिसायचा नाही, हे कलम एक. आवाज ओळखू येतो, म्हणून बोलायचे नाही, हे कलम दोन. संगीत चालले असते. परंतु ते कोणाच्या मालकीचे असेल ते सांगता येईना, म्हणून तेही नाही. महेश्वरीच्या हातातील बांगड्या काढवल्या, कारण ती नक्षी सराफ ओळखील. खिडकीला चादर लावली. भिंतीवरचे दिनदर्शिकेचे पान झाकले. इतके झाल्यावर रुद्रप्पांनी कान टवकारले.

"यंत्रमाग."

"काय?"

"मागच्या गल्लीतला खटखटाट. जाणकार माणूस त्यावरनं पेठ ओळखंल. कामगार एकला जेवायला थांबतात. तेव्हाच सुरू करायचं."

"यप्पा!" काशम्मा कपाळाला हात लावत म्हणाल्या. "चटणी करालाव का चोरी?"

एक वाजता यंत्रमाग थांबले. काशम्मा खुणांनी सांगत राहिल्या, महेश्वरीचे दोन हात खलबत्त्यात शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ कुटत राहिले. तेल सुटून चटणी लालबुंद झाली. ती परातीत काढली. मग कडक भाकरीचा एक तुकडा कडकन मोडून परातीतून फिरवला, आणि व्हिडिओ संपला. चॅनेलचे नाव महेश्वरीने 'फक्त हात' ठेवले, कारण दुसरे काहीच शिल्लक राहिले नव्हते.

रुद्रप्पांनी व्हिडिओ भिंग घेऊन तीन वेळा पाहिला. सत्तावीस मुद्द्यांपुढे सत्तावीस खुणा केल्या. शेवटी लाल शाईने लिहिले : 'तपासले. प्रकाशनास योग्य. रु. शि. हुंडेकरी.'

पहिल्या दिवशी तो व्हिडिओ साठ जणांनी पाहिला. पाचव्या दिवशी एक्केचाळीस हजारांनी. ज्या जगात प्रत्येक जण कॅमेऱ्यासमोर ओरडून बोलत होता, त्या जगात कोणी तरी एकही शब्द न बोलता साडेचार मिनिटे नुसती चटणी कुटत होते, याचेच लोकांना अप्रूप वाटले. 'भाकरी मोडल्याचा आवाज ऐकून झोप लागते,' असे एकाने लिहिले. 'ह्या ताई बोलत नाहीत हेच लई भारी,' असे दुसऱ्याने.

"बघितलंत अज्जा?" महेश्वरी म्हणाली. "तुमच्या बंदीमुळं चाललं!"

"बंदी नाही. शिस्त," रुद्रप्पा म्हणाले, पण त्या दिवशी त्यांनी शेजारच्या शिवयोगींना स्वतःहून चहाला बोलावले आणि सत्तावीस मुद्द्यांची यादी वाचून दाखवली. शिवयोगी दुसऱ्या कपानंतर उठून गेले. यादी अठराव्या मुद्द्यापर्यंत आली होती.

सहाव्या दिवशी सकाळी सव्वाआठला रुद्रप्पांचा मोबाइल वाजला.

"चटनीवाले हुंडेकरी का?"

"कोण बोलतंय?"

"सांगोल्यावरनं बोलतोय. डाळिंबाची बाग हाय आपली. चार किलो चटनी पायजे हुती. कामावरच्या बायांस्नी."

"राँग नंबर."

"नंबर तर बरोबर हाय की! घर शेचाळीस, शिवदीप नगर न्हवं?"

रुद्रप्पांनी फोन बंद केला. तो पुन्हा वाजला. या वेळी श्रीपूरहून एक जण बोलत होता. त्याला दोन किलो हवी होती, पण लसूण कमी. दुपारपर्यंत अकरा फोन आले. रुद्रप्पांनी ते वहीत वेळ, गाव आणि लसणाचे प्रमाण अशा रकान्यांत नोंदवले, कारण संकटाची नोंद ठेवली की ते निम्मे ताब्यात येते, असे त्यांचे मत होते; नंबर कोठून मिळाला, हा रकाना तेवढा राहून गेला. बारावा फोन मात्र त्यांनी नोंदवला नाही. एक तरुण आवाज होता. त्याला चटणी नको होती.

"महेश्वरी आहे का घरी?"

"आपण कोण?"

फोन बंद झाला.

तेहतीस वर्षांत प्रथमच यंत्रात कोणाचे तरी बोट गेले होते, आणि ते बोट त्यांच्या नातीचे होते.

महेश्वरी शाळेतून आली तेव्हा टेबलावर करारपत्र उघडून ठेवलेले होते.

"नाव गेलं. पत्ता गेला. माझा नंबर गेला," रुद्रप्पा म्हणाले. "कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही! अज्जा, शपथ."

"मैत्रिणींना?"

"त्यांना तर मीच आहे हेसुद्धा माहीत नाही. ती प्राजू मलाच म्हणाली, 'फक्त हात' बघ, तुझ्यापेक्षा बरी चटणी करते."

एरवी काशम्मा हसल्या असत्या. आज त्या हसल्या नाहीत. बाराव्या फोनविषयी ऐकून महेश्वरीचाही चेहरा उतरला. परंतु ती रडली नाही. तिने मोबाइल काढला आणि पहिल्यांदा व्हिडिओ लोकांना दिसेनासा केला. मग आईला फोन करून सगळे सांगितले. अज्जांच्या मोबाइलवरून तो बारावा नंबर लिहून घेतला, अडवून टाकला, वर्गशिक्षिकांना संदेश पाठवला. या सगळ्याला सात मिनिटे लागली.

"हे कुणी शिकवलं?" रुद्रप्पांनी विचारले.

"शाळेत तास झाला होता. पण ज्यांनी आधीच एकमेकांना पाठवलाय, त्यांच्याकडनं तो परत येणार नाही अज्जा. तिथं आपलं काही चालत नाही." ती करारपत्राकडे बघत राहिली. "आता कलम सात?"

"चौकशी पूर्ण होईपर्यंत नाही," रुद्रप्पा म्हणाले. "पण शनिवारी तुझ्या आईबाबांसमोर निकाल द्यावा लागंल."

महेश्वरीने खलबत्ता धुऊन, पुसून फळीवर सर्वांत वर ठेवला. काशम्मांनी ते पाहिले व तोंड फिरवले.

रुद्रप्पांनी आपल्या परीने तातडीचे उपाय योजले. फाटकावरची नावाची पाटी उतरवली. घराच्या क्रमांकावर वर्तमानपत्र चिकटवले. शेजारच्या घरांचा क्रमांक पाहून कोणी हिशेब करील म्हणून पंचेचाळीस आणि सत्तेचाळीस या घरांवरही चिकटवले. परिणाम शुक्रवारी सकाळी दिसला. सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाला घर सापडेना. तो तीनचाकी गल्लीच्या तोंडाशी उभी करून ओरडू लागला.

"ओ, हुंडेकरींचं घर कुटं हाय? शेचाळीस नंबर!"

"कुठलं हुंडेकरी?" वरच्या गच्चीवरून कोणी विचारले.

"ते न्हाई का, चटणीचा व्हिडिओवाले! माज्या मोबाइलवर बी आलाय की, गॅसच्या गोडावनात सगळ्यांनी बगितला!"

गल्लीतील सहा खिडक्या उघडल्या. सत्तेचाळीस क्रमांकाचे शिवयोगी बनियनवर बाहेर आले व स्वतःच्या भिंतीवरचे वर्तमानपत्र टरकन फाडून म्हणाले, "रुद्रप्पा, माझ्या घरावर राशिभविष्य कुणी चिकटवलं? आणि चटणी तुमच्यातली होय? चहाला बोलावून यादी वाचलाव, चटणी नाही दाखवलाव!"

जी गोष्ट एक्केचाळीस हजार अनोळखी लोकांपैकी काहींना ठाऊक होती, ती आता ओळखीच्याही सर्वांना ठाऊक झाली.

शनिवारी सकाळी माढ्याहून महेश्वरीची आई श्रीदेवी व वडील आले. रुद्रप्पांनी बैठक मांडली. टेबलावर करारपत्र, तपासणी यादी, फोनची वही. महेश्वरी समोर ताठ बसली होती. शाळेत शिक्षेला उभे करतात तेव्हा जसे आधीच सगळे मान्य करून टाकावे, तसे तिने तोंड केले होते.

"चौकशीत बाहेरचा कोणताही मार्ग सापडला नाही," रुद्रप्पांनी सुरुवात केली. "तेव्हा नाइलाजानं—"

फाटक वाजले.

दारात एक साठीची बाई उभी होती. डोक्यावर पदर, कमरेला पिशवी, आणि काखेत जुन्या लुगड्यात बांधलेले गाठोडे.

"हुंडेकरी हितंच का? वळखलं नसंल. मी नागम्मा. अक्कलकोटच्या अलीकडं आमचं गाव."

"चटणी नाही," रुद्रप्पा म्हणाले.

"चटनी मागायला न्हाय आले. द्यायला आले." नागम्मांनी गाठोडे सोडले. आत एक मोठे स्टीलचे पातेले होते.

रुद्रप्पांनी चष्मा चढवला. मग काढला. पुसला. पुन्हा चढवला. पातेल्याच्या काठावर बारीक, सरळ, एकसारख्या अक्षरांत कोरले होते : 'रु. शि. हुंडेकरी, ४६ शिवदीप नगर, सोलापूर. पातेले क्र. ७ / १४.'

आता येथे थोडे मागे जावे लागेल. भांड्यांवर नाव घालण्याची पद्धत घरोघरी आहे. परंतु घरोघरी कोरण्याचे यंत्र नसते. रुद्रप्पांकडे ते होते. त्यामुळे या घरात वाटीपासून पिंपापर्यंत नाव, पत्ता आणि अनुक्रमांक यांवाचून एकही वस्तू नव्हती. इतके करूनही बारा वर्षांपूर्वी अक्कलकोट रस्त्यावरील एका लग्नात पातेले क्रमांक सात गेले ते गेलेच. रुद्रप्पांनी कारणमीमांसा केली : पत्ता होता, पण फोन नंबर नव्हता. दुसऱ्याच आठवड्यात उरलेल्या सर्व भांड्यांवर त्यांनी मोबाइल नंबर कोरला. तो नंबर त्यांनी आजवर बदलला नव्हता.

"बारा वर्सं दूध तापवलं ह्यात," नागम्मा सांगत होत्या. "लई गुणाचं पातेलं. खोटं कशाला बोलू?"

"अहो, पण त्यावर पत्ता होता!" रुद्रप्पांचा आवाज चिरकला.

"व्हय की. वाचता येतंय मला. पर भांडं चांगलं हुतं." त्या मोकळेपणाने म्हणाल्या. "आता नातीनं तुमचा तो यीडीओ दावला. साऱ्या गावानं बगितला. मग एक एक बाई माज्या चुलीपाशी येती, पातेल्याकडं बगती, नि म्हनती, नागम्मा, हितं बी हेच नाव, तितं बी हेच नाव, तुमी पावनं का? किती दीस पावनं म्हनून सांगू? घेऊन आले."

"तिथं बी हेच नाव म्हणजे कुठं?" महेश्वरीने हळूच विचारले.

"अगं, यीडीओत. परातीत की."

महेश्वरीने मोबाइल काढला. व्हिडिओ शेवटच्या दहा सेकंदांवर आणला आणि टेबलावर ठेवला. पाचही डोकी त्यावर वाकली, सहावे नागम्मांचे. पडद्यावर दोन हात, लाल चटणी. भाकरीचा तुकडा परातीतून सावकाश फिरला. चटणी बाजूला सरली, मागे तेल राहिले, ते खोदकामात उतरले, आणि स्टीलच्या तळावर छापल्यासारखी लाल अक्षरे एकामागून एक उमटली : 'चि. महेश्वरी हिच्या बारशानिमित्त. १४-११-२०१०. रु. शि. हुंडेकरी, ४६ शिवदीप नगर, सोलापूर.' त्याखाली मोबाइल नंबर. दहाही आकडे. अत्यंत सुवाच्य.

सूतगिरणीत नव्या उमेदवारांना रुद्रप्पा हेच शिकवत असत. सुट्या भागावरचा पुसट क्रमांक वाचायचा असेल तर त्यावर तेलकट रंग चोळावा. अक्षरे आपोआप वर येतात.

"जन्मतारीखसुद्धा आहे," श्रीदेवी म्हणाली. हसू आवरण्यासाठी तिने पदर तोंडाशी नेला होता.

"बारशाची आहे," रुद्रप्पांनी क्षीण दुरुस्ती केली.

"मी कशी नाही बघितली?" महेश्वरी स्वतःशीच म्हणाली, आणि तिलाच उत्तर सापडले. ज्या घरात चमच्यावरही पत्ता असतो, तेथे पत्ता दिसेनासा होतो. कोरे भांडे दिसले असते तर ती दचकली असती. रुद्रप्पांनी तर ती अक्षरे स्वतः कोरली होती. भिंगातून तीन वेळा पाहताना त्यांना ती दिसलीच असली, तर ठीक आली आहेत एवढेच वाटले असणार.

महेश्वरीने करारपत्र उचलले. शेवटचे पान काढले. ते अज्जांपुढे धरून ती उभी राहिली.

"'ज्या व्यक्तीच्या निष्काळजीपणामुळे...'" काशम्मांनी चष्म्याशिवाय पाठ म्हटल्यासारखे सुरू केले. गेले तीन दिवस त्यांनी ते कलम इतक्या वेळा ऐकले होते.

"साकु, साकु," रुद्रप्पा म्हणाले. पुरे. मग त्यांनी खिशातले लाल पेन काढले, तपासणी यादीवरील स्वतःच्या शेऱ्यावर एक आडवी रेघ मारली आणि खाली लिहिले : 'त्रुटी आढळली. जबाबदार व्यक्ती : तपासनीस. कलम ७ लागू.' सही केली. तारीख घातली. पेन नातीच्या हातात दिले.

"आता तपासनीस तू. आईला दाखवल्याशिवाय काही टाकायचं नाही."

"आणि तुम्ही?"

"मी चॅनेलच्या कामात नाही. नियम आहे."

नागम्मांना जाताना बाटलीभर चटणी दिली. बाटली काचेची होती; तिच्यावर काही कोरलेले नाही, याची महेश्वरीने उजेडात धरून खात्री केली.

सोमवारी सकाळी मागच्या पडवीतून घरघर ऐकू येऊ लागली. रुद्रप्पा फिरत्या चाकापुढे बसले होते आणि परातीची अक्षरे घासून काढत होते. आधी जाड पॉलिश कागद, मग मध्यम, मग बारीक, शेवटी नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे चाक व चकाकीचे मलम. परातीनंतर ताटे, ताटांनंतर तांबे. पातेले क्रमांक सात मात्र त्यांनी जसेच्या तसे कपाटात ठेवले.

"चाळीस वर्सांत पहिल्यांदा भांडी घासायला बसलाव," काशम्मा दारातून म्हणाल्या, "ते बी मशीन लावून!"

तीन दिवसांनी भांडी अशी झाली की त्यांकडे पाहताना डोळे बारीक करावे लागत. कोठेही नाव नाही, पत्ता नाही, आकडा नाही. महेश्वरीने दुसरा व्हिडिओ ठरवला : ज्वारीचे धपाटे. बांगड्या तिने आपणहून काढल्या. यंत्रमाग थांबण्याची वाट आपणहून पाहिली. रुद्रप्पांना स्वयंपाकघराबाहेर खुर्ची दिली, आणि ते तेथे वर्तमानपत्र उघडून निर्विकारपणे बसले.

संध्याकाळी नव्या तपासनिसाने व्हिडिओ तपासायला घेतला. सत्तावीस मुद्दे, एकेक खूण. दोन मिनिटे चाळीस सेकंदांवर ती थांबली. मागे गेली. पुन्हा थांबली.

"अज्जा, हितं या जरा."

"मी चॅनेलच्या कामात नाही."

"तेच विचारालेय."

रुद्रप्पा आले. पडद्यावर दोन हात परातीत पीठ मळत होते. आणि परातीच्या चकचकीत काठात, पिठाच्या गोळ्याशेजारी, एक संपूर्ण माणूस दिसत होता : कपाळावर विभूती, खिशात तीन पेने, एका डोळ्याला भिंग लावलेले, स्वयंपाकघराच्या दारातून आत मान घालून, टाचा उंचावून उभा. त्याच्या मागे फाटक दिसत होते. फाटकावर, शुक्रवारच्या गोंधळानंतर पुन्हा लावलेली नावाची पाटी.

काशम्मांनी येऊन पाहिले व "यप्पा" एवढेच म्हटले. महेश्वरीने लाल पेनचे टोपण काढले.

रुद्रप्पांनी भिंग डोळ्याशी नेले. परातीचा काठ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासला.

"पॉलिश मात्र एक नंबर झालंय," ते म्हणाले.